गाडी नंतर बघ, आधी प्लग कुठं मिळतो ते बघ

पारोळा तालुक्यातल्या एका भाऊचं पत्र आलंय, थोडक्यात असं:

"दादा, मी धुळ्याला अवधान एमआयडीसीत ऑपरेटर आहे. घर ते कंपनी ३८ किलोमीटर, जाऊन येऊन ७६. एक आठवडा फर्स्ट शिफ्ट, एक आठवडा सेकंड. पेट्रोललाच महिन्याला साडेतीन-चार हजार जातात. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) इलेक्ट्रिक मोटारसायकल घ्यायचा विचार आहे. दोन बघितल्या. एकीची बॅटरी ३.२ किलोवॅटची आहे, काढून घरात नेता येते. दुसरीची ५ किलोवॅटची, फिक्स, आणि ती बरीच महाग पडते. शोरूमवाला म्हणतो छोटीच घ्या, दीडशे आरामात जाते. डिस्प्ले, नेव्हिगेशन, ॲप दोन्हीत आहे. आबा म्हणतात बॅटरी फुटते, आणि 'लाईटना काही भरोसा शे का?' शेतात थ्री फेज कनेक्शन आहे, घरची लाईट गेली तर तिथं चार्जिंग करता येईल का? कोणती घेऊ ते सांगा."

भाऊ, आकडे देऊन लिहिलंस ते फार बरं केलं. नुसतं 'कोणती गाडी चांगली' असं विचारलं असतंस तर मला काहीच सांगता आलं नसतं. तुझं उत्तर त्या ७६ किलोमीटरमध्येच आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो, शोरूममध्ये परत जायच्या आधी कंपनीत एचआरकडं किंवा मेंटेनन्सच्या साहेबांकडं जा आणि पार्किंगमध्ये एक प्लग मिळेल का ते विचार. मिळाला तर छोटी गाडी तुला पुरेल. नाही मिळाला तर छोटी अजिबात घेऊ नको, शोरूमवाला काही म्हणो. डिस्प्ले, ॲप, आवाज, रंग हे सगळं त्याच्यानंतर.

आता कसं ते बघ. आपण '३.२ किलोवॅटची बॅटरी' म्हणतो ते खरं म्हणजे किलोवॅट-अवर, आणि एक किलोवॅट-अवर म्हणजे लाईट बिलातलं एक युनिट. म्हणजे त्या बॅटरीत ३.२ युनिट वीज मावते, बस. गावात ४० च्या स्पीडनं इको मोडवर चालवली तर अशी गाडी किलोमीटरला साधारण २५-३० वॅट-अवर खाते, हायवेला ६०-६५ नं धरली की ४० च्या आसपास जाते, आणि मागं कोणी बसलं किंवा समोरून वारा असला की त्याच्यावर. शोरूममध्ये सांगतात ती रेंज ठरलेल्या टेस्टवर मोजलेली असते, ती खोटी नसते पण ती तुझ्या रस्त्यावर, तुझ्या स्पीडला, मे महिन्यात मोजलेली नसते.

तू जाणार पारोळा-फागणे-धुळे, म्हणजे सुरत-नागपूर हायवे, तिथं ट्रकांच्या मधे ४० नं चालवणं धोक्याचं आहे, रेंज वाढवायला म्हणून कृपा करून तसं करू पण नको. ६० धर. ७६ गुणिले ४० म्हणजे ३,०४० वॅट-अवर, म्हणजे ३ युनिट. बॅटरीत आहेत ३.२. म्हणजे घरी पोचेपर्यंत पाच टक्के उरणार, ते पण नवी गाडी असताना, आणि बऱ्याच गाड्या बॅटरी फार खाली गेली की आपोआप पॉवर कमी करतात, म्हणजे रात्री बारा वाजता सेकंड शिफ्ट करून येताना हायवेवर तुझी गाडी ३०-४० नं रांगणार आणि मागून कंटेनर येणार. हे चित्र मला मान्य नाही.

आणि हा वारा. आपल्याकडं जून-जुलैत पश्चिमेचा वारा कसा असतो ते तुला माहिती आहे, साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला एवढ्या पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. पारोळ्याहून धुळ्याला जायचं म्हणजे पश्चिमेला तोंड करून जायचं. हवेचा विरोध स्पीडच्या वर्गानं वाढतो, ५० वरून ७० ला गेलास की जवळजवळ दुप्पट. तू ६० नं चाललास आणि समोरून २० चा वारा आहे म्हणजे गाडीला हवा ८० च्या स्पीडनं लागते. येताना वारा पाठीमागून असेल तर थोडं भरून निघतं पण जाताना जेवढं गेलं तेवढं परत येत नाही. पेट्रोल गाडीवर हे कोणाच्या लक्षात येत नाही कारण टाकी मोठी असते आणि पंप दर पाच-दहा किलोमीटरला असतो.

म्हणून माझा हिशेब असा, रोजची जेवढी वीज लागते ती वापरून बॅटरीत २० टक्के शिल्लक राहिली पाहिजे असं धरायचं, आणि बॅटरी काही वर्षांनी ८० टक्क्यांवर येईल हे आजच धरायचं. ३.०४ ला ०.८ नं भागलं की ३.८, परत ०.८ नं भागलं की पावणेपाच. म्हणजे एकदा चार्ज करून जाऊन येऊन करायचं असेल तर तुला ५ युनिटचीच बॅटरी लागते, आणि दुसरी गाडी नेमकी तेवढीच आहे. पण कंपनीत चार्जिंग मिळालं तर एका वेळी फक्त ३८ किलोमीटर, दीड युनिट, त्याच हिशेबानं २.४ ची बॅटरी पुरते, म्हणजे ३.२ वाली आरामात, बॅटरी जुनी झाली तरी. एका प्लगनं केवढा फरक पडतो बघ. दोन गाड्यांच्या किंमतीतला जो फरक तू लिहिलायस तो सगळा त्या प्लगवर अवलंबून आहे.

कंपनीकडं मागताना तोंडी मागू नको, अर्ज दे. त्यात लिही की रोज दीड-पावणेदोन युनिट लागणार, चार्जर ७५० वॅटचा आहे (इस्त्रीपेक्षा कमी लोड), दोन-अडीच तासात काम होतं, आणि वाटल्यास सबमीटर लावा, पैसे पगारातून कापा. महिन्याचे ४०-४५ युनिट होतात. बऱ्याच ठिकाणी नाही म्हणतात ते पैशासाठी नाही, उद्या वीस जण मागतील आणि वायरिंग कोण बघणार म्हणून. त्यामुळं आणखी कोणाकडं ईव्ही असेल किंवा घ्यायची असेल तर दोघं-तिघं मिळून अर्ज द्या, मेंटेनन्सवाल्याला आधी विश्वासात घ्या. आणि परवानगी कागदावर आल्याशिवाय गाडी बुक करू नको. सिक्युरिटीवाला ओळखीचा आहे, लावू देतो, यावर गाडी घ्यायची नाही, तो बदलला की तू अडकलास.

आता घरचं. इथं मी जरा जास्त बोलणार आहे कारण गाड्यांचे जे प्रॉब्लेम लोक सांगतात त्यातले कितीतरी गाडीचे नसतातच, घरच्या प्लगचे असतात. तुझं जुनं धाब्याचं घर आहे असं पुढं लिहिलंयस, म्हणजे वायरिंग पण जुनं असणार. चार्जरसाठी मीटरच्या बोर्डापासून वेगळी लाईन ओढून घे, २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, चांगल्या कंपनीचं १६ अँपियरचं सॉकेट, वेगळा एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडतो तो स्विच), आणि ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (करंट गळाला की लाईन तोडतो तो). चार्जर ७५० वॅटचा म्हणजे करंट तीन-चार अँपियरच, मग एवढं कशाला असं वायरमन म्हणेल. त्याला सांग की हा लोड चार-पाच तास सलग चालतो, रोज, आणि ढिला सॉकेट चार तास चालला की वितळतो. पंख्याच्या बोर्डावरनं एक्स्टेंशन ओढून गाडी लावायची नाही म्हणजे नाही.

अर्थिंग तर नक्की तपास. आपल्या गावांत तिसऱ्या भोकात वायर असते पण ती कुठंच गेलेली नसते. वायरमनकडून मीटरनं बघून घे, फेज आणि न्यूट्रलमध्ये जेवढे व्होल्ट दिसतात जवळपास तेवढेच फेज आणि अर्थमध्ये दिसले पाहिजेत. नसतील तर नवा खड्डा कर, प्लेट किंवा रॉड, मीठ-कोळसा किंवा केमिकल, जे काय असेल ते, आणि उन्हाळ्यात त्यात पाणी टाकत जा. अर्थिंग नसलं की काही चार्जर चालूच होत नाहीत, लाल लाईट दाखवतात, आणि माणूस शोरूमवाल्याशी भांडत बसतो. आणि जे चार्जर तशातही चालू होतात त्यांचा धोका जास्त, पावसात ओट्यावर ओल्या पायानं गाडीला हात लावला तर तुला वाचवणारं काहीच नाही.

व्होल्टेज पण बघ. संध्याकाळी सात-आठला तुझ्या घरी किती व्होल्ट येतात ते आठ-दहा दिवस लिहून ठेव. चार्जरच्या मागं लेबलवर लिहिलेलं असतं इनपुट किती ते किती व्होल्ट चालतं, ते त्याच्याशी जुळव. तुझ्याकडं १६०-१७० पर्यंत उतरत असेल आणि चार्जर १८० च्या खाली चालत नसेल तर संध्याकाळी तो बंदच राहणार, मग रात्री अकरानंतर लाव, तोपर्यंत लोड उतरलेला असतो.

लाईट जाते म्हणून आबांना काळजी आहे, ती खरी आहे, पण हिशेबानं बघितली तर तेवढी मोठी नाही. गावठाणचा फीडर (सबस्टेशनहून येणारी लाईन) आणि शेतीचा फीडर वेगळा असतो, शेतीला आठ तास मिळते, गावाला तसं नसतं. तू फर्स्ट शिफ्टवरून चार-साडेचारला घरी, सकाळी साडेपाचला निघणार, मधे १३ तास आहेत, त्यातले ७ तास लाईट राहिली तरी ५ युनिटची बॅटरी ७५० वॅटवर भरते. खरी अडचण वादळानं पोल पडले, ट्रान्सफॉर्मर जळाला आणि दोन-तीन दिवस गाव अंधारात, अशा वेळची. त्या दिवसांसाठी आबांची जुनी पेट्रोल गाडी विकू नको. एक्सचेंजमध्ये द्या म्हणतील, देऊ नको, घरात एक पेट्रोल गाडी राहू दे.

शेतातल्या कनेक्शनवर चार्जिंग करू नको भाऊ. दोन कारणं. एक, शेतीपंपाची वीज दुसऱ्या कामाला वापरणं म्हणजे वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर, पकडलं की दंडाचं बिल येतं. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. विहिरीवर नीट न्यूट्रल बहुतेक नसतोच, लोक एक फेज घेतात आणि दुसरी वायर जमिनीत खुंटीला बांधतात, बल्ब लागतो म्हणून वाटतं झालं काम. त्याच्यावर किती व्होल्ट येतील याचा काही नेम नाही, आणि चुकून दोन फेजच्या मधे जोडलं गेलं तर चारशेच्या वर व्होल्ट, चार्जर जागेवर जळणार, वॉरंटी पण जाणार. जीव गेलेली उदाहरणं आपल्याकडं दरवर्षी ऐकतो आपण.

घरच्या इन्व्हर्टरवर पण नको. १२ व्होल्ट १५० एएचची बॅटरी म्हणजे पूर्ण मिळून १.८ युनिट, आणि ती कोणी शेवटपर्यंत वापरत नाही. गाडीचा चार्जर लावला तर तास-दीड तासात घर अंधारात आणि गाडी अर्धी पण नाही. वायरमनला सांग चार्जिंगचा पॉइंट इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्यायचा नाही.

आता ऊन. हा विषय शोरूममध्ये कोणी काढत नाही आणि जळगाव-भुसावळ-धुळ्यात तो सगळ्यात आधी काढायला पाहिजे. मे महिन्यात आपल्याकडं ४४-४५ अंश म्हणजे नेहमीचं. लिथियमची बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते, आतलं बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट, एक तर चार्जिंग हळू करतं नाहीतर थांबवतं. तू साडेचारला हायवेवरून आलास, गाडी तापलेली, बॅटरी तापलेली, लगेच प्लग लावलास तर भरणार नाही, आणि भरली तर बॅटरीचं आयुष्य कमी होणार. तासभर सावलीत राहू दे, मग लाव, उन्हाळ्यात तर सरळ रात्री जेवण झाल्यावर लाव. कंपनीत पत्र्याच्या शेडखाली दुपारी चार्जिंग करायचं असेल तर तिथं हवा खेळती आहे का बघ, सेकंड शिफ्टला संध्याकाळी सातच्या चहाच्या सुट्टीत प्लग लावता आला तर सगळ्यात उत्तम.

म्हणूनच बॅटरी कोणत्या केमिस्ट्रीची आहे हे विचार, डिस्प्ले किती इंची हे विचारण्यापेक्षा. दोन प्रकार सांगतील, एनएमसी आणि एलएफपी, दोन्ही लिथियमच्याच. एलएफपी उष्णता जास्त सहन करते आणि तिच्या चार्जिंग सायकल पण जास्त होतात, तेवढ्याच विजेला वजन मात्र जास्त. ओबेनच्या मोटारसायकलींत एलएफपी येते. खान्देशातल्या उन्हात, रोज चालवणाऱ्या माणसाला, बाकी सगळं सारखं असेल तर मी एलएफपीच घ्यायला सांगेन. एनएमसी वाईट असं नाही, बहुतेक गाड्यांत तीच असते, पण तिला उन्हात पूर्ण भरून दिवसेंदिवस उभी ठेवायची नाही. लग्नाला चार दिवस बाहेरगावी गेलास तर ५०-६० टक्क्यांवर ठेवून जा.

काढता येणारी बॅटरी ऐकायला छान वाटते. रिव्होल्टच्या आरव्ही ४०० मुळं हे लोकांना माहिती झालं, तिची बॅटरी काढून घरात नेता येते. फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला त्याचा उपयोग आहे, पण सव्वातीन युनिटची बॅटरी म्हणजे १९-२० किलो, रोज रात्री शिफ्ट करून आल्यावर कोण उचलणार? तुझं घर खालीच आहे, गाडी ओट्याजवळ लागते, तुला त्याचा फायदा एकच, कंपनीत गाडीपर्यंत वायर येत नसेल तर बॅटरी काढून आत नेऊन लावता येईल. अर्जात हा पर्याय पण लिही.

आबांच्या भीतीबद्दल. त्यांना हसू नको. २०२२ मध्ये देशात ठिकठिकाणी इलेक्ट्रिक दुचाकींना आगी लागल्या, लोकांनी व्हिडिओ पाहिलेत. त्याच्यानंतर सरकारनं बॅटरीचे नियम कडक केले, एआयएस-१५६ नावाचं स्टँडर्ड, त्याची सुधारणा डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशी दोन टप्प्यांत लागू झाली. तू घेशील ती गाडी त्या सुधारणेप्रमाणे पास झालेली आहे का ते डीलरकडून कागदावर बघ आणि तो कागद आबांना दाखव. पण कागदानं सगळं होत नाही, घरात पण काळजी घ्यायची. आपल्याकडं दिवाळीनंतर भाव वाढायची वाट बघत कापूस खोलीत भरलेला असतो, कोणाकडं कडब्याची गंजी ओट्याला लागून असते. चार्जिंगची जागा कापसापासून आणि कडब्यापासून लांब, झोपायच्या खोलीच्या बाहेर असू दे, आणि घरातून बाहेर पडायच्या वाटेवर नको. बॅटरी काढून कापसाच्या खोलीत चार्जिंगला लावलीय, हे तर चुकूनही नको. चार्जर कंपनीचाच वापर, बिघडला तर मित्राचा दुसऱ्या गाडीचा लावून बघू नको, प्लग बसला म्हणजे व्होल्टेज जुळलं असं नसतं.

रस्त्यातलं चार्जिंग. हायवेला पंपावर, हॉटेलवर मोठे चार्जर दिसतात आता, ते बघून वाटतं की अडलो तर तिथं लावू. त्यातले बरेचसे कारसाठी आहेत, सीसीएस २ गन, ती आपल्या बाईकला बसत नाही. दुचाकीसाठी भारतीय मानक ब्युरोनं २०२३ मध्ये एलईसीसीएस नावाचा कनेक्टर मंजूर केला, एथर या स्कूटर कंपनीनं बनवलेला, पण तो सगळ्या कंपन्यांनी घेतलेला नाही, कोणाचा आपला वेगळाच असतो. बॅटरी बदलून देणाऱ्या स्टेशनचं पण तसंच, मोठ्या शहरात ठीक, पारोळा-धुळे रस्त्यावर त्याच्या भरवशावर गाडी घ्यायची नाही. तुझं अडीअडचणीचं चार्जिंग म्हणजे ओळखीच्या माणसाचा साधा प्लग. फागण्याला किंवा धुळ्यात कोणी नातेवाईक, मित्र, गॅरेजवाला बघून ठेव, आणि गाडीत पोर्टेबल चार्जर ठेवायला जागा आहे का ते शोरूममध्ये प्रत्यक्ष ठेवून बघ. काही गाड्यांत चार्जर गाडीतच बसवलेला असतो, नुसती वायर न्यायची, मॅटर कंपनीच्या एरा मोटारसायकलमध्ये तसं आहे, ती साध्या ५ अँपियरच्या प्लगवर चार्ज होते, ही सोय मला फार आवडते.

वॉरंटीचा एक आकडा नीट वाच. शोरूमवाले वर्षं मोठ्यानं सांगतात, किलोमीटर हळू सांगतात. तू वर्षाला २३-२४ हजार किलोमीटर चालवणार. 'तीन वर्षं किंवा ४० हजार किलोमीटर, जे आधी होईल ते' असं असेल तर तुझी वॉरंटी दोन वर्षांच्या आतच संपली. तुला किलोमीटर जास्त असलेली वॉरंटी पाहिजे, पैसे देऊन वाढवून मिळत असेल तर ते पैसे दे, डिस्प्लेवाल्या टॉप मॉडेलला देऊ नको. आणि लेखी विचार, बॅटरीची क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेली तर बदलून देणार? हे लिहिलेलंच नसेल तर वॉरंटी म्हणजे फक्त बॅटरी पूर्ण बंद पडली तरच. नवी बॅटरी आज घ्यायची तर किती, ती किंमत पण विचार.

सर्व्हिस सेंटर धुळ्यात आहे की जळगावला की नाशिकला? नाशिकला असेल तर ती गाडी कितीही चांगली असो, सोडून दे. कंट्रोलर (मोटरला वीज सोडणारा डबा) गेला की तुझ्या गावच्या मेकॅनिकला काही करता येत नाही, पार्ट कंपनीकडूनच येतो, आणि तोपर्यंत कामावर कसा जाशील? शोरूमच्या बाहेर उभा राहून सर्व्हिसला आलेल्या दोन-तीन जणांना विचार, पार्टला किती दिवस लागले. यापेक्षा खरी माहिती तुला कुठं मिळायची नाही.

फीचर्सचं पटकन सांगतो. एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ देत नाही ते) बघ, हायवेला रोज चालवणाऱ्याला ते पाहिजेच. हेडलाईट रात्री बघ, दिवसा नाही. टायर ट्यूबलेस पाहिजेत. हब मोटर, म्हणजे चाकातच बसवलेली मोटर, असेल तर मागचं चाक काढणं जरा किचकट असतं, पंक्चरवाला घाबरतो. पाण्यासाठी आयपी ६७ लिहिलेलं असतं, एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते असा त्याचा अर्थ, ते पण नव्या कोऱ्या सीलवर, म्हणून पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घालायची नाही आणि वॉशिंग सेंटरला प्रेशरचं पाणी बॅटरीच्या जोडांवर मारू द्यायचं नाही. ॲप आणि नेव्हिगेशनला पुढं वर्षाचे पैसे लागतात का ते विचार आणि मोबाइलला रेंज नसेल तरी गाडी चावीनं चालू होते ना ते बघ. नकली सायलेन्सरचा आवाज, थीम, याला पैसे देऊ नको.

पैशाचं. पेट्रोलला रोज १४५ च्या आसपास जातात तुझे, ५५ चा ॲव्हरेज आणि १०५ चा भाव धरला तर. विजेला चार्जिंगमधली घट धरून साडेतीन युनिट, १२ रुपयांनी ४२. रोजचे शंभर वाचतात, महिन्याला २,६०० च्या जवळपास. पण एक लक्षात घे, महिन्याला ९० युनिट वाढणार, आणि घरचं बिल आज ९०-१०० युनिटचं असेल तर हे सगळे नवे युनिट १०० च्या पुढच्या महाग स्लॅबमध्ये पडणार, म्हणून मी १२ रुपये धरलेत, पहिल्या स्लॅबचा भाव धरून कोणी हिशेब दाखवला तर विश्वास ठेवू नको. तुमच्याकडं टीओडीचं, म्हणजे वेळेप्रमाणे दर लावणारं, मीटर बसलं असेल तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या युनिटला सवलत आहे, सेकंड शिफ्टच्या आठवड्यात सकाळी लावत जा, फक्त मे महिन्यात अकराच्या आत आटप. सबसिडीची रक्कम बदलत राहते, केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्हमध्ये ऑक्टोबर २०२४ ला बॅटरीच्या एका युनिटमागं ५,००० होते, नंतर अडीच हजार झाले, राज्याचं २०२५ चं धोरण वेगळं. त्यामुळं कोटेशनवर कोणती सबसिडी किती वजा केली हे वेगळं लिहून घे. आरटीओ, विमा, चार्जर, सगळं धरून. चार्जरचे पैसे वेगळे लावतात कधी कधी.

शेवटचं काम टेस्ट राईडचं, आणि ते शोरूमच्या गल्लीत एक चक्कर मारून होत नाही. डेमो गाडी मागून घे, सोबत त्यांचा माणूस बसू दे, तेवढंच मागं वजन होईल. दुपारी दोनला, धुळ्याहून पारोळ्याकडं २० किलोमीटर जा आणि परत ये, ६० नं. निघताना किती टक्के आणि आल्यावर किती ते बघ. डिस्प्लेवर 'अजून इतके किलोमीटर' दिसतं त्याच्याकडं बघू नको, टक्क्यांवर हिशेब कर. ४० किलोमीटरला ३.२ वाल्या बॅटरीचे ५० टक्के गेले तर माझा आकडा बरोबर, ४० टक्केच गेले तर तुझं नशीब चांगलं, मला पण आनंद होईल. देत नाहीत म्हणाले तर तू लाखाच्या वरची गाडी घेतोयस, मागायला लाजू नको.

आखाजीच्या मुहूर्तासाठी घाई करू नको, अर्ज आज दे, वायरमनला या रविवारी बोलव, तोपर्यंत कंपनीचं उत्तर येईल. हो म्हणाले तर ३.२ वाली घे, वाचलेल्या पैशातून वॉरंटी वाढव आणि घरचं अर्थिंग कर. नाही म्हणाले आणि ५ वालीचा हप्ता पगारात बसत नसेल, तर पेट्रोल गाडीवर अजून एक वर्ष काढ, तेव्हाही कळव, तुझ्या पगाराच्या हिशेबात काय बसतं ते परत बघू.